काळुगड्यांचा राऊटर

“तीनशे द्या वैनी, आणि उचला. नवा घ्यायला गेलात तर दुकानदार दीड हजाराला बसवेल तुम्हाला.”

काळुगडे भाऊजी व्हरांड्यातल्या लोखंडी कॉटवर बसून बोलत होते. पुढ्यात कूलर, मिक्सर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पितळी पिंप मांडलेलं. आमच्या धरणाच्या वसाहतीची ही रीतच होती. बदलीची ऑर्डर आली की जाणारा व्हरांड्यात सामान मांडायचा आणि राहणारे ते घ्यायचे. माझ्या घरातलं कपाट एका शाखा अभियंत्याचं, घरगुती गिरणी एका वायरमनची. नवं म्हणून त्या घरात काय आणलं असेल तर मलाच, आणि मीही तेव्हा पन्नाशीला टेकले होते.

“दोनशे,” मी म्हणाले.

“अहो, दोन अँटेना आहेत त्याला!”

“दोन असू देत नाहीतर दहा. दोनशे.”

दोन दिवसांपूर्वीच आम्ही तालुक्याची दुकानं पालथी घातली होती. आमचे हे धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर. त्या वर्षीपासून आकडे दिवसातून चार वेळा मोबाईलवरून पाठवायचा हुकूम निघाला. दरीत फोनला रेंज नाही, म्हणून खात्याने क्वार्टरपर्यंत इंटरनेटची वायर ओढून दिली. वायरच्या टोकाला लावायचा डबा मात्र तुमचा तुम्ही घ्या म्हणाले. दुकानदाराने चार अँटेनांचा दाखवला, सहा अँटेनांचा दाखवला. मी विचारलं, “आमच्या दोन खोल्या, त्याला एवढी शिंगं कशाला?” तर ह्यांनी मला कोपराने ढोसत बाहेर काढलं.

शेवटी अडीचशेवर तुटलं. भाऊजी राऊटर वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले, तेवढ्यात शालनताई दारात आल्या. भाऊजींची बायको. सहा महिन्यांत निम्मी झालेली.

“खाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवलीय,” त्या म्हणाल्या. “मोनाच्या हातची आहे. काढू नका वैनी.”

मोनाली त्यांची एकुलती एक. एकोणीस वर्षांची. शिमग्याच्या आठवड्यात धरणाच्या भिंतीवर तिची चप्पल आणि ओढणी सापडली होती. होडीवाल्यांनी आठ दिवस पाणी ढवळलं. पोरगी सापडली नाही आणि तिचा फोनही नाही.

“येत्या सर्वपित्रीला करून टाकतोय,” भाऊजी एकदम म्हणाले. “गुरुजींशी बोललो. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि अग्नी द्यायचा. माणूस मिळालं नाही की असंच करतात म्हणे.”

“मी करू देणार नाही,” शालनताई दारातूनच म्हणाल्या. “जिता जीव जाळायचा नाही.”

“जिती आहे तर दाखव ना!” भाऊजींनी खिशातून मोनाचा फोटो काढून कॉटवर आपटला. तो फोटो घेऊन ते सहा महिने एसटी स्टँड, हॉस्टेलं, दवाखाने धुंडाळत होते. “जिती असली तर पाताळातून ओढून आणीन, आणि मग तिचं काय करायचं ते मी बघेन. मेली असली तर पाणी सोडेन आणि गप्प बसेन. हे मधलं मला झेपत नाही वैनी.”

शालनताई माझ्याकडे बघत होत्या. मी राऊटर काखेत मारला आणि घरी आले.

त्यांच्याकडे बघायला मला तोंड नव्हतं. आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून. माझी स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या मागच्या दारासमोर, मध्ये फक्त सार्वजनिक नळ आणि बोळ. भाऊजींनी मोनाचं एका बिजवराशी ठरवलं होतं आणि ती नाही म्हणत होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिच्या हाताचं हाड मोडलं. ती हाका मारत होती. कोणाला, ते मला माहीत नाही, कारण मी उठून खिडकी लावून घेतली. मी एकटीनेच नाही, आमच्या अख्ख्या ओळीने लावून घेतली. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला, असं नळावर आम्ही एकमेकींना म्हणालोसुद्धा.

काळुगड्यांचा टेम्पो गेल्यावर दोन दिवसांनी नदाफ केबलवाले आले. जाडजूड माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी वायर जोडली, डब्याचे हिरवे दिवे लागले.

“ताई, रिसेट मारू का? नाव बदलून तुमचं टाकतो. आत्ता ‘काळुगडे’ म्हणून दिसतंय.”

“न मारता चालतोय का?”

“चालतोय की.”

“मग हात लावायचा नाही,” हे आतून ओरडले. धरणावर चालू गेटला कोणी हात लावत नाही, आणि हे मेलं घरातल्या बल्बलाही तोच नियम लावायचे. मलाही बरंच वाटलं. चिठ्ठी काढू नका म्हणून शालनताईंनी सांगितलं होतं, आणि रिसेट मारला की तो पासवर्डही गेला असता.

मग जागा ठरवणं झालं. नदाफ म्हणाले, “उंचावर ठेवा, फ्रीजपासून लांब, आणि कपाटात कोंडू नका.” मीटरच्या फळीवर ठेवला तर आतल्या खोलीत रेंज येईना. देव्हाऱ्यावर ठेवू द्यायला मी तयार नव्हते. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या फळीवर बसवला आणि मी फोन हातात धरून घराभोवती फिरून पाहिलं. पुढे कडुनिंबापर्यंत यायचं. मागे नळाच्या पलीकडे काळुगड्यांचं रिकामं क्वार्टर होतं, तिथवर यायचं, आणि पुढे दोन पावलं टाकली की गायब.

“आणि कोणी आपलं फुकट वापरलं तर?” मी विचारलं.

नदाफ हसले. त्यांनी माझ्या फोनवर डब्याचं पान उघडून दिलं. आत्ता कोणाकोणाचे फोन जोडलेत त्याची यादी तिथे नावानिशी दिसायची. शिवाय पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं दुसरं नेटवर्क काढायची सोय होती, तीही त्यांनी दाखवली. पाहुण्यांची सोय मला नको होती. यादी मात्र फार आवडली. मी रोज दुपारी दूधवाल्याचा हिशेब बघावा तशी ती बघायला लागले. दोन नावं असायची, माझं आणि ह्यांचं. धरणावर रेंज नाही म्हणून ह्यांचा फोन घरीच असायचा.

पहिल्या गुरुवारी चारच्या सुमाराला तिथे तीन नावं होती. तिसरं होतं मोनाली.

मी पान बंद करून परत उघडलं. मोनाली. चहाचं आधण उतू गेलं तरी मला कळलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ते नाव आपोआप गेलं.

हे संध्याकाळी आले तशी मी सांगितलं.

“जुन्यांचा डबा आहे. नाव आत राहिलं असेल,” हे बूट काढत म्हणाले.

“मग मंगळवारी का नव्हतं? काल का नव्हतं?”

“मला काय विचारतेस? मी पाणी मोजतो. चहा टाक.”

रविवारी शालनताईंचा फोन आला. भाऊजी बाहेर गेले की त्या करायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या. “काही कळलं का हो वैनी तिकडे?”

जिभेवर आलं होतं, पण सांगणार काय? तुमच्या मोनाचं नाव माझ्या फोनवर वीस मिनिटं उमटलं म्हणून? “नाही हो,” मी म्हणाले.

“ह्यांनी पळसाला माणूस पाठवलाय. मी सांगितलंय, माझ्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही. पण मी एकटी किती दिवस धरून ठेवू? तुम्हीच सांगा, ती आहे का नाही?”

दुसऱ्या गुरुवारी मी तीनपासूनच फोन घेऊन बसले. चार वाजून पाच मिनिटांनी नाव आलं. म्हटलं, कालिंदी, ऊठ. मागचं दार उघडून मी बोळात गेले.

भाद्रपदातलं ऊन कसं असतं ते सांगायला नको. आमच्या वसाहतीत साठ क्वार्टर्स, त्यातली अकराच भरलेली. बाकीच्यांच्या दारांना खात्याची कुलपं आणि अंगणात कमरेएवढं गवत. नळाचं पाणी ठिबकत होतं. कुठे माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी फोन बघितला. मोनाली. अजून जोडलेली. म्हणजे ज्याच्या हातात तो फोन होता ते माणूस नळाच्या नाहीतर त्या रिकाम्या क्वार्टरच्या आसपासच असायला हवं, कारण त्यापलीकडे माझा डबा पोचतच नव्हता. हे मी स्वतः फिरून मोजलं होतं.

“मोना?” मी हाक मारली.

मी काळुगड्यांच्या क्वार्टरला फेरी मारली. पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराला कुलूप. परत नळाशी येऊन उभी राहिले आणि तेव्हा ते ऐकू आलं. कुलूप लावलेल्या दाराच्या आतून. मेसेज आल्यावर फोन वाजतो तसं, टिंग.

मी धावत घरात शिरले आणि दाराला दोन्ही कड्या घातल्या. खोटं कशाला सांगू, रामरक्षा येत नाही म्हणून शुभंकरोती म्हणत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी ऑफिसातून किल्ली आणली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, हे आत गेले.

“काय आहे हो?”

“काही नाही.” मग थोड्या वेळाने, “ये इकडे.”

खोल्या रिकाम्या होत्या. जमिनीवर धुळीचा थर. फक्त स्वयंपाकघरात, जिथे शालनताईंचा पाट असायचा त्या कोपऱ्यात, माणूस बसेल एवढी जागा हाताने झाडून घेतलेली होती. न्हाणीच्या खिडकीचा गज निघालेला होता.

हे एरवी कशालाही हसण्यावारी नेणारे. त्या दिवशी जमिनीकडे बघत राहिले.

“मेलेली माणसं धूळ झाडून बसत नाहीत,” मी म्हणाले.

“कोण सांगावं,” हे म्हणाले. मग, “काळुगड्यांना फोन करू?”

“बिलकूल नाही. तो मनुष्य तिला ओढून नेईल. सांगितलं ना मी तुम्हाला, काय म्हणाला ते?”

“मग काय करणार? पुतळा पुढच्या शनिवारी जाळतायत.”

पुढचा गुरुवार म्हणजे त्याच्या दोन दिवस आधी. गुरुवारी धरणाखालच्या गावाचा बाजार. टेम्पो भरभरून माणसं येतात, त्या गर्दीत कोणी आलं-गेलं कळत नाही. म्हणून गुरुवार, हे मला तेव्हा उमगलं. पण दबा धरून बसावं आणि पकडावं तर ती पळेल, आणि परत कधी यायची नाही. आणि ती नसलीच, दुसरंच काही असलं तर? दिवसभर डोक्यात भुंगा. भाकरी थापताना नदाफांनी दाखवलेली ती पाहुण्यांची सोय आठवली. दुसऱ्या नेटवर्कला आपण हवं ते नाव देऊ शकतो आणि आसपास ज्याच्या हातात फोन असेल त्याला ते नाव वाचता येतं. जुनं ‘काळुगडे’ तसंच ठेवायचं, आणि शेजारी दुसरं नाव लावायचं.

नावाला बत्तीसच अक्षरं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून मी बुधवारी रात्रीच बसवून ठेवलं. “मोना आई विचारते आहेस का”.

गुरुवारी चारला हे पातळी बघायला गेलेले. मी स्वयंपाकघरात फळीखाली पाटावर बसले, खिडकी बंद ठेवून. चार वाजून दहा मिनिटांनी मोनाली हे नाव यादीत आलं. पाच मिनिटं गेली आणि नाव पुसलं गेलं.

गेली, मी म्हटलं. घाबरवलंस तू तिला, मूर्ख बाई.

तेवढ्यात तिसऱ्या जागी नवीन नाव आलं. आपल्या फोनला काय नाव द्यायचं ते आपल्या हातात असतं, आणि त्या फोनचं नाव आता मोनाली नव्हतं. डबा मूळचा तिच्याच घरचा, म्हणजे यादी घरात दिसते हे तिला ठाऊक असणार. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, “आई कुठे”.

ह्याला आता नऊ वर्षं झाली, पण ती दोन शब्दांची हाक वाचली तेव्हा माझ्या अंगावर आलेला काटा अजून जसाच्या तसा आठवतो. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. हिचा फोन बोळात आला की ‘काळुगडे’ला आपोआप जोडला जात होता. घराला कुलूप, पण फोन सांगतोय की तू घरी आहेस. पोरगी तीन गुरुवार आईला शोधत होती. माझ्या चिकटपणामुळे.

पाहुण्यांच्या नेटवर्कचं नाव बदललं की डबा एक मिनिट बंद पडून परत लागायचा. मी लिहिलं, “बदली झाली शनिवारी पुतळा जाळणार”. अक्षरं बसेनात, म्हणून “झाली” काढून टाकलं. दिवे विझले, परत लागले.

ह्या वेळी फार वेळ गेला. नळाचं ठिबकणं बंद खिडकीतूनही ऐकू येत होतं. मग यादीत आलं, “जळू द्या”.

मला वाटलं, चुकून लिहिलं. मी लगेच टाकलं, “दार उघडं आहे ये”. आणि खरंच उठून मागच्या दाराच्या दोन्ही कड्या काढल्या.

दिवे विझले. लागले. मी दाराकडे बघत होते, फोनकडे नाही. कोणी आलं नाही. फोन बघितला तर तिथे होतं, “खिडकी लावलीत तुम्ही”.

मी तशीच पाटावर बसले. रडू आलं, आणि त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. तिने तेव्हा हाका कोणाला मारल्या होत्या, ते मला इतक्या महिन्यांनी कळलं. समोरची खिडकी माझीच ना. डोळे पुसून मी शेवटचं लिहिलं, “आईला सांगू का”.

उत्तर आलं, “फक्त आईला”. एक मिनिटभर ते नाव तिथे होतं. मग यादीत आम्ही दोघंच उरलो. मी बोळात धावले, न्हाणीच्या खिडकीशी जाऊन आत डोकावले. झाडलेला कोपरा तेवढा होता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी काळुगड्यांच्या नव्या घरी गेले. दारात पळसाच्या पानांचे भारे पाण्याने भिजवून ठेवलेले. बाहेरच्या खोलीत भाऊजी गुरुजींशी बोलत होते, मांडीवर नारळ.

“या वैनी. बरं झालं आलात. समजवा तिला. कालपासून चूल पेटवलेली नाही. पाहुणे यायचेत.”

स्वयंपाकघरात शालनताई थंड गॅससमोर बसल्या होत्या. मी दार लोटून घेतलं, त्यांच्या शेजारी बसले आणि कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. पहिल्यापासून. त्यांचे डोळे मोठे होत गेले.

“तुम्ही पाहिलंत तिला?”

“नाही. पण ती आहे शालनताई.”

“काय लिहिलं, परत सांगा. तिच्याच शब्दांत सांगा.”

“आधी लिहिलं, आई कुठे.”

त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर भाऊजी विचारत होते, “गुरुजी, ह्याच्यानंतर सुतक-बितक संपलं म्हणजे संपलं ना? परत परत काही नाही?”

“मग मी सांगितलं पुतळ्याचं,” मी म्हणाले. “तर लिहिलं, जळू द्या.”

शालनताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई आनंदाने ओरडत बाहेर जाईल आणि नवऱ्याला सांगेल की आहे, माझी मोना आहे, बघा. आणि मग तो माणूस फोटो घेऊन परत निघेल, आणि ह्या वेळी त्याला कुठे शोधायचं ते माहीत असेल. मी त्यांचा हात दाबून धरला.

“फक्त आईला, असंही लिहिलंय,” मी म्हणाले.

त्यांनी हात सोडवून घेतला. उठल्या. गॅस पेटवला, खिरीसाठी दुधाचं पातेलं चढवलं आणि उडदाची डाळ भिजत घातली. मग दार उघडून बाहेरच्या खोलीत गेल्या.

“उद्या किती वाजता निघायचं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “मी घाटावर येणार आहे.”

भाऊजींनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला. गुरुजी म्हणाले, “बायका सहसा...”

“आई आहे मी,” त्या म्हणाल्या.

शनिवारी घाटावर पंधरा-वीस माणसं होतो. पुतळा मी पहिल्यांदाच पाहत होते. पळसाची पानं दोऱ्याने बांधून हात, पाय, पोट केलेलं, वर शेंडीचा नारळ, आणि अंगावर मोनाची निळी ओढणी, धरणाच्या भिंतीवर सापडलेली. लांबून पाहिलं तर खरंच कोणी लेकरू पांघरूण घेऊन निजलंय असं वाटत होतं. जिती पोरगी कुठेतरी फिरत असणार आणि इथे आम्ही तिच्या तोंडात पाणी घालत होतो.

भाऊजींनी अग्नी दिला. पानं ओली, धूर फार झाला. मी शालनताईंना धरून वरच्या पायरीवर बसले होते. धुरातून जाळ वर आला आणि त्यांनी हंबरडा फोडला.

असं रडणं मी ऐकलेलं नाही. त्यांनी छाती बडवून घेतली, केस सोडले, मोनाच्या जन्मापासूनचं एकेक आठवून आठवून हाका मारल्या. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हातातलं सोडून उभ्या राहिल्या. नात्यातल्या दोघीजणी धावत आल्या, त्यांनाही त्या आवरेनात. शालनताई माझ्या गळ्यात पडल्या आणि माझ्या मानेत तोंड खुपसून हळूच म्हणाल्या,

“बघतायत का?”

“कोण?”

“हे.”

मी पाहिलं. भाऊजी चितेपाशी खिशातला फोटो हातात घेऊन उभे होते आणि आमच्याकडे बघत होते.

“हो.”

“मग धरा मला घट्ट.” आणि परत तो आक्रोश.

भाऊजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा फोटोकडे, आणि फोटो जाळात टाकला. त्यांचे खांदे पडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस मला म्हातारा दिसला. खाली नारळ फुटला तशी माणसं उठायला लागली. मागे वळून न बघता पायऱ्या चढा, असं कोणीतरी सांगत होतं.

“टाकला का फोटो?” शालनताईंनी विचारलं.

“टाकला.”

“सुटली,” त्या म्हणाल्या. तोंड पुसलं, केस बांधले, पदर सारखा केला. मी म्हटलं, काय ही बाई! दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या.

“वैनी, आता ती कधी आलीच, तर मी दार कसं उघडू?”

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या, आणि ह्या वेळी तोंडातून आवाजच फुटत नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. पुढे गेलेले भाऊजी वरच्या पायरीवरून म्हणत होते, “चला, आटपा, गुरुजींना उशीर होतोय.”